आधी तुझा धूर

हुरडा आला की पोरी येतात. माझ्या येमीच्या लेकी जालन्याला मस्तगडात राहतात, त्या येतात आणि सोबत मैत्रिणींचं लटांबर घेऊन येतात. बोरीखाली चपला काढतात, काटा टोचला की किंचाळतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला. "आजी, आगटी कधी पेटवायची?" मग मी खड्डा उकरते, गोवऱ्या रचते, कणसं निखाऱ्यात खुपसते. गरम दाणे चोळून देता देता तळवे लाल होतात. खोटं कशाला सांगू, वर्षभर मी याच दिवसांची वाट बघते.

या वर्षी मात्र गप्पांच्या नादात आगटी विझली. कुणाच्या तरी लग्नाचं चाललं होतं, खिदळणं चाललं होतं, आणि माझं लक्ष गेलं तर राख. नुसती राख. मी इतक्या जोरात ओरडले की बांधावरचे होले उडाले. "विझली गं! विझू दिली! डोळे फुटले का तुमचे?" पोरींची तोंडं बघण्यासारखी झाली. एकजण चाचरत म्हणाली, "आजी, काडीपेटी आहे ना." होती. माझ्या समोरच पडली होती. पण माझा हात तिकडं गेलाच नाही. शेवटी येमी उठली. तिचे स्वतःचे गुडघे धड नाहीत, तरी कण्हत कण्हत वाकली, राख उकरून तळाशी एक निखारा शोधला, त्याला वाळलं गवत लावून फुंकर घातली.

"झाला बघ धूर, माय," ती म्हणाली.

पोरींना काही उमजलं नाही. येमीला उमजतं, पण आठवत तिलाही नाही. तेव्हा तिला चालताही येत नव्हतं.

त्या साली आमच्या गावात उंदीर पडले. कुंभार पिंपळगावाच्या अलीकडचं आडरानातलं गाव, निजामाचा अंमल. 'उंदीर पडले' एवढे दोन शब्द तेव्हा पुरायचे, म्हणजे प्लेग आला. आढ्यावरून पटकन काहीतरी पडायचं, गरागरा फिरायचं आणि पाय वर करून निपचित व्हायचं. पुढं काय होणार हे लहान लेकरालाही माहीत होतं. ताप, मग काखेत नाहीतर जांघेत गाठ, मग संपलंच. दवंडी पिटली, घरं सोडा. अर्ध्या दिवसात गाव रिकामं झालं. ज्यानं त्यानं आपापल्या शेतात कडब्याची खोप टाकली. जाती, भांडी, कोंबड्या, खाटेवरची म्हातारी माणसं, सगळं गाड्यांत घालून नेलं. पिंपळगावचा बाजारसुद्धा बंद पडला. गावात राहिली ती फक्त कुत्री.

आमच्या घरात सासरे, सासू, आमचे हे, धाकटा दीर, मी आणि माझी तान्ही येमी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. बाई मोठी खमकी. हसणं तिला ठाऊकच नव्हतं, आणि माझं कुठलंही काम तिला पहिल्या खेपेला पटलेलं मला आठवत नाही. मी अठराएक वर्षांची. तोंडावर तिला भ्यायची, आणि पाठ वळली की तिची नक्कल करून दिराला हसवायची.

खोप टाकून होते न होते तोच सट आली, म्हणजे खंडोबाची चंपाषष्ठी. रानात का होईना, भरीत-रोडगा झालाच पाहिजे, तळी भरलीच पाहिजे. आत्याबाईंनी पाट मांडला आणि देव मागितले. मी म्हटलं, देव तुमच्याजवळ. त्या म्हणाल्या, तुझ्याजवळ. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. आमच्या खंडोबाचे चांदीचे टाक गावातल्या घरातच, भिंतीतल्या देवळीत राहिले होते. कोंबड्या एकूणएक आणल्या आणि देव विसरले! सासरे कपाळाला हात लावून खाली बसले.

"सोताचा जीव घेऊन पळालो अन् देव ठुला उंदरांपाशी," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला. त्यांचं रडणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या स्वतःच निघाल्या. मी पोरीला त्यांच्या कडेवर दिलं आणि म्हटलं, "तुम्ही थांबा, मी जल्दी जाऊन येते." कुणी 'नको' म्हणायच्या आत मी ओढा ओलांडलासुद्धा.

आपल्याच घराची कडी काढताना चोरी केल्यासारखं वाटलं. आत अंधार, कोंदट वास. देवळीत हात घातला, टाक पदरात बांधले, वळले. आणि उजव्या पायाखाली काहीतरी आलं. अनवाणी पाय. थंड आणि मऊ. मी खाली बघितलं नाही, बघायची गरजच नव्हती. अजूनसुद्धा अंधारात ओलं पोतेरं पायाखाली आलं तर माझं काळीज जागेवर राहत नाही.

ओढ्यावर पोचले तर पलीकडं आत्याबाई उभ्या. मला बघून येमी दोन्ही हात पुढं करून झेपावली. आत्याबाईंनी पाण्यात पाय घातला.

"थांबा! येऊ नका! पाय पडला माझा," मी ओरडले.

"कशावर?"

मी तळपाय वाळूवर घासायला लागले. त्यांनी पोरीचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं.

मी टाक वाहत्या पाण्यात चोळून चोळून धुतले आणि ओढ्याच्या मधल्या दगडावर ठेवले. म्हटलं, देव घेऊन जा, मी अलीकडच्या खोपीत राहते. ओढ्याच्या गावाकडच्या बाजूला आमची ज्वारीची पट्टी होती, तिथं राखणीची एक मोडकी खोप होती. तेवढ्यात हे धावत आले. "कोण म्हणलं तुला येऊ नको?" मी म्हटलं, "कोणीच न्हाई. मीच म्हणते. लेकराला लागलं तर काय करता?" हे तिथंच उभे राहिले, मुंडाशाचं टोक चावत. तर असं झालं. देव धुऊन घरात गेले आणि मी बाहेर राहिले.

निघताना आत्याबाईंनी एक गोष्ट ठरवली. ओरडून सांगितली, कारण मध्ये ओढा. "कौसे, रोज तांबडं फुटलं की चूल पेटव. वरून वली गोवरी टाक, दाट धूर निघंल. धूर दिसला म्हंजी आमाला कळंल." फुटक्या गाडग्यात इस्तू, म्हणजे विस्तव, घालून त्यांनी तो दगडावर ठेवला. रोज दुपारी त्याच दगडावर भाकरी ठेवायची, त्यांनी पाठ फिरवली की मी उचलायची, आणि सव्वा महिना असंच काढायचं, हेही ठरलं.

माणूस एकटं राहिलं की काय करतं? माझं मी सांगते. जाग आली की डोळे उघडायच्या आधी हात काखेत जायचा. मग जांघेत. बोटं सगळीकडं फिरवायची, श्वास धरून. काही नाही लागलं की तो श्वास सोडायचा आणि म्हणायचं, आजचा दिवस आहे. मग विस्तवावरची राख झटकायची. दिवसभर गोफण घेऊन पाखरं हाकायची. दगड कमी आणि शिव्या जास्त, कारण तेवढीच बोलायची संधी. एक टिटवी होती, तिच्याशी तर माझं रोजचं भांडण. आणि दूध. दुधाचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. छाती दगडासारखी व्हायची, अंगात कळा यायच्या. बांधाच्या कडेला बसून मी दूध मातीत पिळायची. मुंग्यांची रांग लागायची तिथं. माझ्या लेकराचं दूध मुंग्या नेतात, आणि ते लेकरू पलीकडं शेळीच्या दुधावर रडतंय. वारा इकडचा असला की ऐकू यायचं. वारा तिकडचा असावा असं मला वाटायचं, आणि तसा असला की आणखीनच भीती वाटायची.

धुराचा मात्र आधार होता. माझी चूल पेटली, धूर वर चढला की थोड्या वेळानं पलीकडच्या लिंबाखालून आमच्या खोपीचा धूर निघायचा. शिवारात इतरांचेही निघायचे, पण आमचा मी बराबर ओळखायची. तो कायम माझ्यानंतरच यायचा. मी मनात म्हणायची, बघा बाई, घरी असताना कोंबड्याच्या आधी उठणारी आमची आत्याबाई, रानात आली आणि आळसावली. मला तेवढंच हसू यायचं.

आणि मग पुसात, म्हणजे पौषात, पाऊस यायचं काही कारण नसताना, रात्रीतून पाऊस आला. खोपीचं छप्पर म्हणजे चाळणी. सकाळी बघते तर गाडग्यात राखेचा चिखल. विस्तव गेला. काडी तर नव्हतीच. मी म्हटलं, हरकत नाही, दुपारी भाकरी घेऊन येतील तेव्हा ओरडून इस्तू मागू. थंडीनं काकडत बांधावर जाऊन बसले. हळूहळू शिवारात धूर निघू लागले. गोवऱ्या ओल्या होत्या, सगळ्यांनाच उशीर झाला, पण निघाले. वडाखाली निघाला, टेकाडावर निघाला. आमच्या लिंबाखाली निघाला नाही.

मी वाट बघितली. ऊन वर आलं तरी नाही. दुपार झाली, दगडावर भाकरी आली नाही.

आमच्यात कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. कुणाला सांगावं लागत नाही, ते अंगातच मुरलेलं असतं. शेजारपाजारच्या भाकरीवर दिवस निघतात. लिंबाखालची ती मोकळी जागा बघत मी घरातलं एकेक माणूस मोजलं. म्हातारी माणसं डोळ्यांपुढं आली, हे आले, दीर आला, पण मन कुठंच थांबेना, फिरून फिरून एकीवरच येऊन बसे. येमी गेली. शेळीचं दूध सोसलं नाही, नाहीतर माझ्या पदराला लागून आलेलं तिला लागलं. सकाळपासून तिचं रडणं ऐकू आलं नव्हतं. वारा तिकडचा होता, पण हे मी स्वतःला समजावलं तरी पटेना.

मी रडले नाही. लोक म्हणतात, दुःखात माणूस रडतं. मला काहीच आलं नाही. डोकं बधिर. खोपीत जाऊन गुडघ्यात मान घालून बसले. आता विस्तव मागायचाही प्रश्न नव्हता. लेक गेली आणि मी चूल कुणासाठी पेटवू? भूक लागली होती की नव्हती, देवाला ठाऊक. रात्र कशी गेली हे मला आजतागायत आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पसरल्यावर पाचोळा वाजला. कडब्याच्या फटीतून बघितलं. ओढ्याकडून हे येत होते. उघडे, ओल्या धोतरानं, डोक्याला मुंडासं नाही. आणि हातात सुतळीला टांगलेलं मडकं, त्यातून धूर निघतोय. मागं दीर, त्याच्या खांद्यावर कडब्याच्या पेंढ्या.

मडक्यात विस्तव घेऊन पुढं कोण चालतं, हे काय सांगायला पाहिजे? माझ्या मनानं आधी म्हटलं, येमीला नेतायत. मग त्याच मनानं म्हटलं, तान्ह्या लेकराला कुठं अग्नी देतात? त्याला पुरतात. म्हणजे येमी नाही! आनंद झाला मला, सांगायला लाज वाटत नाही, भरून आलं. मग वाटलं, सासरे गेले. नाहीतर आत्याबाई. मी फटीला डोळा लावून ओढ्याकडं बघितलं. पलीकडच्या काठावर सासरे काठी टेकून उभे होते. त्यांच्या शेजारी आत्याबाई. आत्याबाईंच्या कडेवर येमी.

सगळे तर होते. मग मेलं कोण?

हे सरळ माझ्याकडं चालत येत होते. गाठीनं गेलेल्या माणसाला कुणी हात लावत नसत, खोपीसकट पेटवून देत. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. तरी मी बसूनच राहिले. कळलं होतं आणि कळतही नव्हतं. दिरानं पहिली पेंढी खोपीला टेकवली, ती माझ्या डोक्यापाशी खसखसली, तरी माझ्या तोंडातून शब्द फुटेना. बहुतेक खरंच मेले असेन, असंही क्षणभर वाटलं. आणि मग ओढ्यापलीकडून येमी रडायला लागली. वारा फिरला होता. एकदम टाहो फोडला तिनं, भुकेचा, रागाचा, नेहमीचा. आणि माझा पदर भिजला. मला न विचारता पान्हा फुटला. मेलेल्या बाईला पान्हा फुटत नाही, एवढं मला कळलं.

मी रांगत बाहेर आले.

दीर किंचाळून मागच्या मागं पडला. यांच्या हातातलं मडकं सुटलं, फुटलं, निखारे ओल्या मातीत सांडून चरचरले. हे नुसते बघत राहिले, डोळे एवढाले. आणि मी काय बोलले असेन? आजही लोकांना सांगितलं तर पटत नाही.

मी म्हटलं, "इझू देऊ नका. माझा इस्तू परवाच्या पाण्यात इझलाय."

यांनी हातानं निखारे गोळा केले. बोटं भाजली, तरी खापरीत घालून माझ्यापुढं सरकवले आणि मागं झाले. मला जाळायला आणलेल्या विस्तवावर मी माझी चूल पेटवली. दिराच्या पेंढीतला कडबा घातला, ओली गोवरी घातली. धूर निघाला, दाट, पांढरा. पलीकडं आत्याबाई मटकन खाली बसल्या. मग उठल्या, पोरीला सासऱ्यांच्या हातात दिलं, आणि लगबगीनं लिंबाकडं चालायला लागल्या. थोड्या वेळानं तिकडूनही धूर निघाला.

त्या दुपारी भाकरी ठेवायला आत्याबाई स्वतः आल्या. दगडावर भाकरी ठेवली आणि गेल्या नाहीत.

"कौसे, येक सांगते. ज्या दिवशी तू इकडं ऱ्हायला गेल्तीस, तवाच ठरिवलं मी. आधी तुझा धूर, मंग माझी चूल. तुझा दिसल्याबिगर मी काडी वढली न्हाई बिलकुल."

"मला सांगायचं न्हाई का मंग?"

"असं सांगत अस्त्यात व्हय?" त्या चिडून म्हणाल्या. डोळे पुसले, आणि भाकरीवर मिठाचा खडा विसरला म्हणून स्वतःवरच करवादल्या.

मी त्या दगडावर किती वेळ उभी होते! म्हणजे आळसावली नव्हती ती. रोज तांबडं फुटल्यापासून ओढ्याकडं डोळे लावून, थंड चुलीपुढं बसून राहायची. माझा धूर नाही म्हणून तिची चूल नाही, आणि तिची चूल नाही म्हणून मी माझ्या लेकीला मेलेली धरून बसले. दुसऱ्या दिवशीही माझा धूर नाही म्हटल्यावर त्यांनी सुतक धरलं, आंघोळी केल्या, माझं आटोपायला निघाले. जगण्याची खूण म्हणून जे ठरवलं, त्यानंच आम्ही एकमेकांना मारलं.

त्या संध्याकाळी ओढ्याच्या अलीकडून यांना मी एकच विचारलं. "पेटवायच्या आधी येक हाक मारायची न्हाई का हो?"

हे पलीकडं भाजलेली बोटं पाण्यात धरून बसले होते. म्हणाले, "हाक मारली असती, अन् तू ओ दिली नसतीस तर?"

मलाही ओढ्यावर जाऊन एक आरोळी ठोकता आली असती. चार पावलांवर ओढा होता. 'येमे' म्हणून नुसतं ओरडायचं, कुणीतरी काहीतरी बोललं असतं. पण काय बोलतील, या भीतीनं मी कान दाबून खोपीत बसले होते. धूर नसला तर माणूस म्हणतं, गोवरी ओली असेल. हाकेला ओ आली नाही तर मग काहीच म्हणायला उरत नाही.

मला गाठ आली नाही. का आली नाही, हे मला माहीत नाही. गावात कितीतरी जणांना आली. मला अजून काही दिवस अलीकडंच काढायचे होते. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं, मी काखेत हात घातला, श्वास सोडला, आणि तेवढ्यात ओढ्यापलीकडून आवाज आला.

"कौसाऽऽ!"

हे होते. लग्न झाल्यापासून या माणसानं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. 'अगं', 'ए', फार झालं तर 'येमीची माय'. आईबापांदेखत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे केवढी लाजेची गोष्ट! आणि हे साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडत होते. टेकाडावरच्या खोपीतून माणसं बाहेर आली. दीर फिदीफिदी हसला. आणि लिंबाखालून आत्याबाईंचा आवाज आला, "आरं, जरा मोठ्यानं मार की! झोपली असंल ती."

मी ओ दिली. इतक्या मोठ्यानं की टिटवी उडाली.

पुढं गावात परतलो. येमी पहिले काही दिवस मला घेईचना, पाजायला घेतलं की तोंड फिरवायची, शेळीकडं बोट करायची. तेही सोसलं. यांनी मात्र ती हाक सोडली नाही. गाव हसलं, मग सवय झाली. रोज सकाळी अंगणात जाऊन, मी चार हातांवर चुलीपुढं बसलेली दिसत असले तरी, "कौसाऽऽ" म्हणायचे. मी ओ दिली की मग तोंड धुवायचे. मरेपर्यंत.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. हिवाळाभर येमी माझ्याजवळ येऊन राहते. तिला मी कधी सांगितलं नाही, हाक मारत जा म्हणून. बापाचं ऐकून ऐकूनच लागलं असावं. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी ती दारातून आवाज देते, "माय, जागी हायेस का?" मला हल्ली लवकर जाग येते. मी पांघरुणात पडून त्या हाकेची वाट बघत असते. थोडी गंमत करावी, जरा गप्प पडून राहावं, असं कधी कधी मनात येतं.

पण नाही. पहिल्याच हाकेला मी ओ देते.